नापास फोटो

मुलीच्या आईनं मुलीच्या अक्षता बघायच्या नाहीत ही रीत ज्यानं काढली, त्याला मला एकदा समोर बसवून विचारायचंय की बाबा, त्या बाईनं तुझं काय घोडं मारलं होतं? जिनं पोरगी जन्माला घातली, न्हाऊमाखू घातली, तापात मांडीवर घेऊन रात्री काढल्या, तिनं ऐन वेळेला घराच्या मागं तुळशीपाशी जाऊन बसायचं. मांडवाकडं पाठ करायची आणि तुळशीला पाणी घालत राहायचं. पुढं वाजंत्री वाजते, लोक अक्षता उडवतात, आणि ही बाई तांब्या हातात धरून भिंतीकडं बघते. माझी माय धुरपताबाई अशीच बसली होती. सत्त्याऐंशी सालचा मे महिना, चुडाव्याला आमच्या घरामागच्या अंगणात.

त्यामुळे लग्न झाल्यापासून मायला एकच ध्यास लागला होता, फोटोंचा. मी परभणीला एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि सुट्टीला रेल्वेनं घरी यायचो. मी चप्पल काढायच्या आधी तिचा प्रश्न यायचा, "चंदर, फोटू आले का रं?" नाही म्हटलं की तिचं तोंड उतरायचं. "सगळ्या गावानं माज्या कावेरीचं लगीन बगितलं, मीच तेवढी न्हाई," म्हणायची. ते खरंच होतं.

आणि त्याच फोटोंची माझ्या वडिलांना धास्ती होती. त्यांचं नाव भुजंग, पण सगळं गाव त्यांना बापू म्हणायचं आणि आम्हीही बापूच म्हणायचो. फोटोंचा विषय निघाला की ते उठून गोठ्याकडं जायचे. मायला वाटायचं, लेकीच्या आठवणीनं जीव कासावीस होतो. खरं कारण मला ठाऊक होतं.

कावेरी माझी धाकटी बहीण. तिला मानवतच्या व्यंकटरावांच्या घरी दिली, त्यांच्या मुलाला, नागनाथला. व्यंकटराव म्हणजे शेती, कापसाचा व्यापार, सिमेंटचं नवं घर आणि या सगळ्याहून मोठा मान. वऱ्हाड गावच्या शाळेत उतरवलं होतं. तिथून वाजतगाजत नवरदेव मांडवात यायचा, एवढंच बाकी होतं. वऱ्हाडातल्या मानकऱ्यांसाठी आमच्या मामांनी पूर्णेहून गुलाबी फेटे आणले होते. चांगले होते, कापड बघून घेतलं होतं. आता बँडवाल्यांच्या मालकालाही त्याच उन्हाळ्यात गुलाबी रंगाचीच हौस यावी, याला कोण काय करणार? बँड नवरदेवाला आणायला शाळेत गेला आणि व्यंकटरावांनी बघितलं की क्लॅरिओनेटवाल्याच्या डोक्यावर आणि आपल्या डोक्यावर एकच रंग आहे.

"आमी काय वाजवायला आलोत का?" एवढं बोलून त्यांनी फेटा काढून खुर्चीवर टाकला. झालं. नवरदेव उठेना. मुहूर्त टळायला लागला. मामा गेले, हात जोडले, गावातले दोन वडीलधारे गेले, काही उपयोग नाही. शेवटी बापू गेले. मी त्यांच्या मागं होतो. व्यंकटराव शाळेच्या अंगणात खुर्चीत बसले होते. बापूंनी कुणाला काही न बोलता डोक्यावरचा पांढरा फेटा काढला आणि व्यंकटरावांच्या बुटांपाशी ठेवला. वऱ्हाडाबरोबर मानवतहून बन्सीधर फोटोग्राफर आला होता, त्यानं त्याच वेळी फ्लॅश मारला आणि बाशिंगाचा फोटो घ्यायला नवरदेवाच्या खोलीत गेला. व्यंकटरावांनी बापूंना तसंच वाकलेलं आणि फेटा तसाच मातीत थोडा वेळ राहू दिला, आणि मग म्हणाले, "उठा. झालं गेलं." बँडवाल्यांना फेटे उतरवायला लावले. मे महिन्याच्या उन्हात ती माणसं उघड्या डोक्यानं वाजवत मांडवापर्यंत आली.

मायला सांगितलं की भटजींना उशीर झाला. शाळेतून परत येताना बापू मला म्हणाले होते, "तुज्या मायच्या कानावर ह्ये जाता कामा न्हाई." का, ते मी विचारलं नाही. माझी माय आयाबायांत बसली की छाती पुढं काढून सांगायची, "आमच्याकडं पैसा कमी आसंल, पर आमच्या मालकाची मान कवा खाली गेली न्हाई." तिच्या डोळ्यात तेवढं तरी राहावं, अशी त्या माणसाची इच्छा होती. गावात कुजबूज झालीच असणार. पण मायच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

जेठ महिन्यात मानवतहून निरोप आला. फोटो हैदराबादहून धुऊन आलेत, अल्बमासाठी निवडायचे आहेत, तुमच्याकडची माणसं आम्हाला ओळखू येत नाहीत, कुणाला तरी पाठवा. मी रजा टाकली. बापू मला सोडायला चुडाव्याच्या स्टेशनापर्यंत चालत आले. गाडी लागली तेव्हा खिडकीपाशी येऊन म्हणाले, "त्यो फोटू तेवढा काडून टाक बाबा. बाकी काय बी ठिवू देत."

मानवतच्या बैठकीत सतरंजीवर फोटोंचा पसारा मांडला होता. बन्सीधरनं सगळ्या फोटोंच्या छोट्या प्रती आणल्या होत्या. त्यातले निवडलेले मोठे करून अल्बमात लावायचे, अशी पद्धत. व्यंकटराव तक्क्याला टेकून बसले होते, त्यांच्या मंडळी कमलबाई शेजारी आणि दाजी, म्हणजे नागनाथ, पलीकडं पेपर वाचत. व्यंकटराव एकेक फोटो उचलायचे, लांब धरायचे आणि निकाल द्यायचे, "पास," नाहीतर "नापास." शाळा तपासायला आलेला साहेबही इतक्या झटपट निकाल देत नसेल. पासांचा गठ्ठा तक्क्याजवळ, नापासांचा माझ्या पायांशी.

काय पास व्हायचं आणि काय नापास, हे मी थोड्या वेळातच शिकलो. आमदार ज्यात आहेत तो फोटो हलला असला तरी पास. व्यंकटरावांचे भाऊ ज्यात आहेत ते नापास, कारण लग्नानंतर बांधावरून त्यांचं फाटलं होतं. कमलबाईंचा पदर खांद्यावरून घसरलेला दिसला की नापास. दाजींचे तर फ्लॅशला डोळेच मिटायचे. हळद लावताना मिटलेले, बाशिंग बांधताना मिटलेले, घास भरवताना मिटलेले. "अरे, लगीन झोपेत केलास का?" म्हणून व्यंकटराव हसले आणि ते सगळे माझ्या पायांशी आले.

आमची माणसं ओळखायला मला बोलावलं होतं, ती अशी ओळखली गेली. मी म्हणायचो, "ही माझी मावशी." कमलबाई म्हणायच्या, "लय काळ्या आल्यात वो," आणि मावशी नापास. "हे आमचे चुलते." "ह्यांनी शर्टाची बटनं लावली न्हाईत," आणि चुलते नापास. सासरी निघताना कावेरी रडली होती, तिचे चार-पाच फोटो होते. "रडके फोटू कशाला? लोक म्हनतील, आमी पळवून आनली," कमलबाई म्हणाल्या. म्हणजे माझी बहीणही नापास झाली.

मग मुंजाजीचा फोटो आला. परभणीला आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. तो लग्नाला आला होता, आदल्या दिवशीपासून पाणी भरत होता, आणि एका फोटोत कावेरीच्या शेजारी नवा शर्ट घालून उभा होता.

"हे कोन?" कमलबाईंनी विचारलं.

"मुंजाजी. माझा मित्र."

"आडनाव काय?" हे व्यंकटरावांनी विचारलं.

मी आडनाव सांगितलं. त्या वर्षांत आडनाव सांगितलं की बैठकीत एक शांतता व्हायची, तशी झाली. परभणीच्या भिंतींवर तेव्हा नामांतराच्या घोषणा रंगवलेल्या होत्या, कुणी बाजूनं लिहायचं, कुणी त्यावर चुना फासून विरोधात. व्यंकटरावांनी फोटो सतरंजीवर सरकवला. "सध्या काय चाललंय ते तुमाला ठाऊक हाय. उद्या चार मानसं अल्बम बगनार."

"मामा, माझा मित्र आहे. राहू द्या तो एक." बहिणीचे सासरे म्हणून व्यंकटरावांनाही मी मामाच म्हणायचो.

"ऱ्हाऊ द्या की तुमच्याकडं. आमी कुठं न्हाई म्हनलं?"

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण मी पासांच्या गठ्ठ्याकडं बघितलं. गठ्ठ्याच्या शेजारी वेगळा काढून, मी यायच्या आधीच पास होऊन, बापूंचा तो फोटो ठेवलेला होता.

फोटो स्वच्छ आला होता. व्यंकटराव खुर्चीत पाय फाकून बसलेले, एक हात मिशीवर, नजर थेट कॅमेऱ्यात. समोर बापू वाकलेले. डोक्यावर नेहमी फेटा असल्यामुळं कपाळाचा वरचा भाग गोरा राहिलेला, आणि भुवयांखाली उन्हानं रापलेलं तोंड. मी माझ्या बापाचं डोकं इतकं उघडं कधी बघितलं नव्हतं. खाली बुटांपाशी फेटा.

माझा अंदाज असा होता की या फोटोची यांनाही लाज वाटत असेल. मी नुसतं सुचवायचा अवकाश, ते स्वतःच तो बाजूला करतील. किती भाबडा होतो मी!

"मामा, हा नको," मी म्हणालो.

"कामून?"

"बापूंना बरं नाही वाटणार."

"त्यात बरं न वाटायला काय झालं?" व्यंकटरावांना खरोखरच कळेना. सोंग नव्हतं ते. "व्याह्यानं व्याह्याला मान दिला. लपवायची गोष्ट हाय का? उलट ह्यो मोठा करून हितं बैठकीत लावायलोत आमी. मान दिसायलाय त्यात."

"माझ्या आईला यातलं काही माहीत नाही मामा."

हे मी बोलायला नको होतं. कमलबाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "माय वो! विहीनबाईंना ठाऊकच न्हाई? मग अल्बमात बगतील की."

तेवढ्यात कपबश्या वाजल्या. कावेरी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिलाही कुणी काही सांगितलेलं नव्हतं. नवरी तेव्हा आतल्या खोलीत होती, तिला तरी कुठून कळणार? तिनं ट्रे खाली ठेवला, माझ्या हातातल्या फोटोकडं एकदा बघितलं आणि पदर सारखा करून आत गेली. तिला बस म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही. जिच्या लग्नाचे फोटो निवडणं चाललं होतं, तिनं चहाच करायचा होता.

मी चहाचा एक घोट घेतला आणि डोकं चालवलं. या घरात लाजेचा काही उपयोग नाही, हे एव्हाना कळलं होतं. मग दुसरी कुठली किल्ली लागते? सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर नापासांचा ढीग वाढत होता, आणि कशानं वाढत होता ते मी बघत होतो. मी फोटो घेऊन खिडकीपाशी गेलो, उजेडात धरला आणि अगदी हळहळल्यासारखं म्हणालो, "बाकी काही नाही मामा, फोटो झकास आहे. फक्त पोट जरा जास्त आलंय."

"कुनाचं?"

"तुमचं. बसलेले आहात ना, त्यामुळं असेल. मोठा केला की आणखी दिसेल."

व्यंकटरावांनी चष्मा मागवला. कमलबाई त्यांच्या खांद्यावरून वाकल्या. "खरंच की वो! अन् गालात पानाचा तोबरा बगा कसा दिसायलाय. गालगुंड झाल्यावानी."

"बन्सीधर, ह्याचा दुसरा न्हाई का रे?"

"न्हाई मालक. एकच मारला."

"काय फोटोग्राफर हाईस का कोन? पान थुकू तरी द्यायचं." त्यांनी फोटो माझ्याकडं भिरकावला. "नापास."

माझ्या बापाची इज्जत मला एका पोटानं परत मिळवून दिली. मला हसावं की रडावं कळेना, पण आनंद झाला हे खरं. निघताना बन्सीधरला जिन्यात गाठून निगेटिव्हचं विचारलं. तो म्हणाला, "नापासाचं कोन मागतंय? पावसाळ्यात बंबात जातंय सगळं." उरलेले फोटो व्यंकटरावांनी खाकी पाकिटात घालून माझ्या हातात दिले. "ह्ये तुमी न्या. विहीनबाईंनी लगीन बगितलं न्हाई ना, बगू द्या." मोठ्या उदार मनानं दिले.

कावेरी मागच्या दारापर्यंत आली. मला वाटलं, रडेल. पण तिनं विचारलं, "दादा, बापू फेटा बांधत्यात का आजूक?"

"बांधतात की. का?"

"काय न्हाई. विचारलं," ती म्हणाली, आणि कमलबाईंची हाक आली म्हणून गेली.

मानवतच्या बसस्टँडवर मी तो फोटो काढला, फाडला, परत फाडला आणि तुकडे नाल्यात टाकले. परभणीपर्यंत उभ्यानं आलो, तरी पाय दुखले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचलो. बापू ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी मान हलवली. त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मायनं विचारलं, "काय झालं वो?" मग तिच्या हातात खाकी पाकीट दिलं. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि उजेडासाठी उंबऱ्यात येऊन बसली.

मी फोटो लग्नाच्या क्रमानं लावले. आधी सीमेवरची भेट, मग हळद, मग शाळेतलं वऱ्हाड, मग मांडव. एकेक मायच्या हातात देत होतो आणि काय चाललंय ते सांगत होतो. एवढं मात्र सांगितलं नाही की हे टाकून दिलेले आहेत. माय ते असे बघत होती की बाहेर कुणी आलं-गेलं तिला कळत नव्हतं. तिची बघायची पद्धत निराळी होती. मानवतला सगळे मधोमध बघत होते, आपापली तोंडं. माय मधल्यांकडं ढुंकून बघत नव्हती. ती कडेला बघत होती, कारण आमची माणसं कडेलाच होती. "ह्यो बग आपला मामा, कानच आलाय तेवढा. ही तुजी मावशी, पाठ हाय, पर चोळी तिचीच. ह्यो मुंजाजी, घागर घेऊन." तिला इतकी गंमत वाटत होती की बापूही सरकून जवळ आले.

मग बाशिंगाचा फोटो आला. शाळेची खोली, दाजींच्या कपाळाला बाशिंग बांधतायत, दाजींचे डोळे मिटलेले. कमलबाईंनी तो बघितला होता, व्यंकटरावांनी बघितला होता, मीही बघितला होता. डोळे मिटलेत, नापास. मायनं तो डोळ्यांजवळ नेला.

"ह्ये कोन हाय रं? मागं, दारातून दिसायलंय त्ये."

मी वाकून बघितलं. दाजींच्या खांद्यामागं खोलीचं उघडं दार होतं. दाराबाहेर अंगणात ऊन, खुर्चीत बसलेला एक माणूस आणि त्याच्यासमोर वाकलेला दुसरा. नखाएवढा. उघडं डोकं, वरून गोरं आणि खाली काळं. बुटांपाशी पांढरं काहीतरी.

"ऊन होतं ना माय," मी म्हणालो. "काढला असेल फेटा."

"ऊन हाय म्हनून फेटा काडून दुसऱ्याच्या पायापाशी ठिवत्यात व्हय?"

अडकित्त्याचा आवाज थांबला. मी काहीतरी आणखी जुळवायला लागलो होतो, पण बापूंनी हात वर करून मला गप्प केलं. मग खाली मान घालून त्यांनी सगळं सांगितलं. गुलाबी फेटे, बँडवाले, टळत चाललेला मुहूर्त. लांबण न लावता सांगितलं. आता माय रडेल, नाहीतर व्यंकटरावाच्या सात पिढ्यांचा उद्धार करेल, अशी मी वाट बघत होतो. बापूही तीच वाट बघत असावेत.

मायनं विचारलं, "आन् तरी पोरगी दिली?"

बापूंना प्रश्न कळायला वेळ लागला. मलाही लागला. आम्ही दोघंही महिनाभर फेट्याचं दुःख करत होतो.

"मांडव भरला हुता," बापू म्हणाले. "वऱ्हाड मागारी गेलं आसतं तर पोरीचं काय झालं आसतं?"

"घरी ऱ्हायली आसती. दुसरं काय झालं आसतं? ज्या मानसानं तुमचा फेटा मातीत बगितला अन् उचलला न्हाई, त्याच्या दारात माजं लेकरू घातलं?" तिचा आवाज चढला नव्हता. "मला कामून न्हाई सांगितलं? मी हाकेवर हुते. पाठ करून बसले हुते, मेले नव्हते."

"तू उठली आसतीस."

"उठलेच आसते. मांडवात येऊन तिच्या हाताला धरलं आसतं अन् घरात नेलं आसतं."

"म्हनूनच न्हाई सांगितलं," बापू म्हणाले.

माय त्यांच्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं ज्या माणसाच्या मानेची बढाई मारली, त्याला पहिल्यांदा बघितल्यासारखं तिनं बघितलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, "तू कुटं हुतास?"

"तिथंच."

"तितंच," तिनं म्हटलं. खालचे फोटो तिनं बघितलेच नाहीत. मांडवातले, अक्षतांचे, ज्यांच्यासाठी महिनाभर जीव टाकला होता ते. "उद्या जावा दोगं बी. तिला घिऊन या."

"आखाड लागला की येतीयाच की ती, रीतीनं," बापू म्हणाले.

"रीत मला सांगू नका," माय म्हणाली.

आम्ही गेलो. व्यंकटराव ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. बापूंना बसा म्हणाले, पण दुसरी खुर्ची कुणी आणली नाही, म्हणून आम्ही उभे राहिलो. बापू म्हणाले, पोरीला चार दिवस न्यावं म्हणतो. व्यंकटराव म्हणाले, आखाड लागायचाय अजून, मधीच कशाला? मी म्हणालो, आई आजारी आहे. ते म्हणाले, "आजारी हायत तर दवाखान्यात न्या. आमची सून काय डॉक्टर हाय?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले.

बापूंजवळ शब्द कधीच नव्हते. एकदा एका गोष्टीनं या माणसासमोर काम झालं होतं, तेवढी त्यांना ठाऊक होती. त्यांचा उजवा हात हळूहळू वर चालला. तो कुठं चाललाय ते माझ्या लक्षात आलं. बोटं फेट्याला लागली.

"बापू, हात खाली घ्या."

कावेरी दारात आली होती. सासऱ्यासमोर ती एवढ्या मोठ्यानं कधी बोलली नसणार, कारण व्यंकटरावही वळून बघायला लागले. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, म्हणून मला तिचं तोंड नीट दिसलं नाही.

"मी येत न्हाई," ती म्हणाली. "मला हितं करमतंय. मायला सांगा. आन् आखाडात बी न्यायला येऊ नका."

"आसं कसं लेकरा," बापू म्हणाले.

"येऊ नका म्हनले ना!"

ती आत गेली. व्यंकटरावांचा चेहरा फुलून आला. "बगा! सून घरात रुळली म्हंजी अशी रुळली. कमल, पाव्हन्यांना चहा टाक." चहा आला. बापूंनी बशीत ओतून घेतला आणि आम्ही दोघांनी तो उभ्याउभ्या प्यायला.

चुडाव्याला उतरून घरी आलो. माय दारातच उभी होती. तिनं आधी आमच्या मागं रस्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काय म्हनली?"

"करमतंय म्हणाली. आखाडातही येऊ नका म्हणाली."

"ह्यांनी फेट्याला हात लावायच्या आदी म्हनली, का नंतर?"

मी मागं वळून बापूंकडं बघितलं. मायनं मला आत घेतलं आणि दार लोटलं. बापू अजून बाहेर चप्पल काढत होते.